आता घेऊ की थांबू?

सेन्सेक्सनं नवा उच्चांक गाठला की पवईत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. हिरानंदानीतल्या ऑफिसांच्या कॅन्टीनमध्ये, साकी विहार रोडवर एल अँड टीच्या गेटबाहेरच्या टपरीपाशी, आयआयटीच्या कर्मचारी वसाहतीत, चांदिवलीतल्या सोसायटीची सभा आटोपल्यावर मागे रेंगाळलेल्या चौघांत. “मार्केट इतकं वर गेलंय. आता घेऊ की थांबू?”

विचारणाऱ्यांची परिस्थिती मात्र एकसारखी नसते. कुणाला बोनस मिळालेला असतो. कुणाचे वडील निवृत्त झालेले असतात आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम बचत खात्यात पडून असते. कुणाची एसआयपी चार वर्षं चालू असते आणि ‘आता नफा काढून घ्यावा’ असं मनात घोळत असतं. तिघांचा प्रश्न एकच दिसतो, उत्तरं मात्र तीन आहेत. बाजार पुढच्या वर्षी कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सांगता येण्याची गरजही नाही. गरज आहे ती दोन गोष्टींची उत्तरं ठाऊक असण्याची : हा पैसा कधी लागणार, आणि तुमच्या आयुष्यात आणखी काय काय याच तेजीवर उभं आहे? पवईत राहणाऱ्यासाठी दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे.

१. उच्चांक किती वेळा येतो?

सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या निवडक ३० कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा. १ एप्रिल १९७९ ला त्याचं मूल्य १०० धरलं, आणि १ जानेवारी १९८६ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. २५ जुलै १९९० ला त्यानं पहिल्यांदा १,००० गाठले. फेब्रुवारी २००६ मध्ये १०,०००, जानेवारी २०२१ मध्ये ५०,०००, जुलै २०२४ मध्ये ८०,०००. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी तो ८६,००० च्या उंबरठ्यावर होता.

यातला प्रत्येक आकडा त्या दिवशी उच्चांक होता. १,००० ला शेअर घेणारा शिखरावरच घेत होता आणि १०,००० ला घेणाराही. शंभरावरून पंचाऐंशी हजारांवर जायचं तर वाटेत शेकडो वेळा जुना उच्चांक मोडावाच लागतो. शिवाय हे उच्चांक वर्षभर सारख्या अंतरानं येत नाहीत. तेजीच्या काळात ते एकामागून एक येतात आणि मग कधी दोन-दोन, तीन-तीन वर्षं एकही येत नाही. म्हणून ‘बाजार आजवरच्या सर्वांत वरच्या पातळीवर आहे’ एवढ्या बातमीवरून उद्या तो पडेल असं काहीच ठरत नाही.

तो वाढत का जातो? कंपन्या माल विकतात, नफा कमावतात, त्यातला काही धंद्यात परत घालतात आणि मोठ्या होतात. महागाईनं विक्रीचे आकडेही फुगतात. दीर्घ काळात निर्देशांक या नफ्याच्या मागे चालतो.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. निर्देशांक वाढतो म्हणजे आपल्याकडचा शेअर वाढतो असं नाही. १९८६ च्या पहिल्या यादीत कुर्ल्याला पद्मिनी गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, बॉम्बे डाइंग होती, सेंच्युरी टेक्स्टाइल्स होती. आज त्यांतली एकही त्या तिसांत नाही. पवईच्या शेजारची एल अँड टी तेव्हाही होती आणि आजही आहे. मागे पडलेल्या कंपनीला यादीतून काढून तिथे चढती कंपनी घेतली जाते. आपल्या डिमॅट खात्यात मात्र मागे पडलेली कंपनी पडूनच राहते. या प्रकरणात ‘बाजारात गुंतवणूक’ असं जिथे म्हटलंय तिथे इंडेक्स फंड किंवा बऱ्याच कंपन्यांत विखुरलेला म्युच्युअल फंड असा अर्थ घ्यावा. ओळखीच्या माणसानं सांगितलेला एखादा शेअर हा त्याचा अर्थ नव्हे.

२. भीती खोटी नाही

आता उलट बाजू. ‘दीर्घ मुदतीत सगळं ठीक होतं’ हे वाक्य फार सहज फेकलं जातं. ते ऐकवणाऱ्याला विचारावं, दीर्घ म्हणजे किती?

१९९२ चं उदाहरण घेऊ. जानेवारीच्या सुरुवातीला सेन्सेक्स २,००० च्या आत होता. २२ एप्रिलला तो ४,४६७ वर बंद झाला. चार महिन्यांत दुपटीहून जास्त! दुसऱ्याच दिवशी टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या रोख्यांच्या व्यवहारांतल्या गफलतीची बातमी आली, शेअर दलाल हर्षद मेहताचं प्रकरण उघडकीला आलं आणि वर्षभरात बाजार जवळपास निम्म्यावर आला. मधल्या काळात, १९९४ मध्ये आणि २००० मध्ये, तो पुन्हा वर गेलाही. पण एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे तब्बल अकरा वर्षांनी, सेन्सेक्स ३,००० च्या खाली होता.

याचा हिशेब मांडून बघा. १९९२ च्या त्या दिवशी कुणी सेन्सेक्सच्या कंपन्यांत एक लाख रुपये घातले असते तर अकरा वर्षांनी त्याचे साधारण ६६ हजार उरले असते, अधिक मधल्या वर्षांचा लाभांश. तेच लाख रुपये दहा टक्के चक्रवाढ व्याजानं ठेवले असते तर दोन लाख ८५ हजार झाले असते. आणि त्या काळी दहा टक्के मिळणं काही अवघड नव्हतं. पोस्टाचं इंदिरा विकास पत्र पाच-साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट करत होतं. त्या पिढीतल्या असंख्य मराठी घरांमध्ये शेअर बाजाराचं नाव काढलेलं चालत नसे. त्यांना अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी जे पाहिलं होतं ते खरंच घडलं होतं.

दुसरं उदाहरण २००८ चं. ८ जानेवारीला सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला. चौदा महिन्यांनी, ९ मार्च २००९ ला, तो ८,१६० वर होता. घट जवळपास ६१ टक्के. टक्केवारीचा खेळ इथे नीट समजून घ्यावा. शंभराचे ३९ झाले, तर ३९ चे पुन्हा १०० व्हायला ६१ टक्के वाढ पुरत नाही, १५६ टक्के लागते.

त्या जानेवारीत एकरकमी पैसे घातलेल्या माणसानं पुढे कधी हिशेब केला त्यावर त्याचं उत्तर ठरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बघितलं असतं तर लाभांश न धरता वर्षाला पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास परतावा दिसला असता. पण त्याला २३ मार्च २०२० ला पैसे लागले असते तर? त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळून २५,९८१ वर बंद झाला होता. म्हणजे बारा वर्षांहून जास्त थांबूनही वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा कमी. माणूस तोच, खरेदीही तीच. फरक पडला तो फक्त पैसे लागण्याच्या तारखेनं.

आणि फारच लांबलेलं उदाहरण जपानचं. २९ डिसेंबर १९८९ ला तिथला निक्केई ३८,९१५ वर बंद झाला. तो आकडा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली. चौतीस वर्षं! तिशीत गुंतवलेल्याचं निवृत्तीचं वय उलटून गेलं.

३. उंच आणि महाग यांतला फरक

१९९२ चा उच्चांक आणि २००६ चा उच्चांक यांत फरक काय होता? दोन्ही उंच होते, पण महाग एकच होता. हा फरक मोजायला एक सोपं माप आहे : किंमत-उत्पन्न गुणोत्तर, बोलण्यात ‘पीई’.

एखाद्या कंपनीनं वर्षभरात शेअरमागे २५ रुपये नफा कमावला आणि तिचा शेअर ५०० ला मिळतोय, तर पीई झाला २०. एक रुपया नफ्यासाठी आपण वीस रुपये मोजतोय. पुढच्या काही वर्षांत नफा ५० रुपये झाला आणि शेअर १,००० ला गेला, तर भाव दुप्पट झाला, नवा उच्चांक आला, पीई मात्र वीसच राहिला. शेअर उंच गेला, महाग झाला नाही. याउलट नफा पंचविसावरच असताना भाव १,२५० झाला तर पीई ५०. तिथे सावध व्हावं.

१९९२ च्या एप्रिलमध्ये सेन्सेक्सचा पीई पन्नाशीच्या वर गेला होता. जपानमध्ये १९८९ ला तो साठच्या आसपास होता. जानेवारी २००८ मध्ये निफ्टीचा (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा) २८ च्या घरात होता, आणि सप्टेंबर २०२४ च्या उच्चांकावेळी २४ च्या आसपास. म्हणजे स्वस्त नव्हे, पण १९९२ चा वेडेपणाही नव्हे.

मग पीई बघून खरेदी-विक्री करावी का? मला हे माप आवडतं, पण घड्याळ म्हणून ते वापरू नये. २०२१ च्या सुरुवातीला निफ्टीचा पीई ४० च्या पुढे चढला होता. कारण लॉकडाउनच्या वर्षात कंपन्यांचा नफा आटला होता आणि बाजार पुढच्या वर्षीचा नफा धरून चालला होता. त्या आकड्याला घाबरून जो ५०,००० ला बाहेर पडला, त्याच्या डोळ्यांदेखत सेन्सेक्स साडेतीन वर्षांत ८५,००० च्या पुढे गेला. पीईवरून पुढच्या दहा वर्षांकडून किती अपेक्षा ठेवावी एवढं साधारण कळतं. पंचवीसच्या पुढच्या पीईला घातलेल्या पैशाकडून वर्षाला पंधरा टक्क्यांची अपेक्षा धरू नये. दहा टक्के धरून घराचं बजेट बसतंय का ते बघावं. पुढच्या महिन्यात काय होईल यावर तो काहीच बोलत नाही.

४. “पडलं की घेईन”

थांबणाऱ्यांचं हे आवडतं उत्तर. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून ते तपासून बघू.

सप्टेंबर २०२१ मध्ये सेन्सेक्स पहिल्यांदा ६०,००० झाला. ‘फार झालं, ५० हजारांवर आला की घेतो’ असं ठरवून अनेक जण बाजूला झाले. जून २०२२ मध्ये खरंच पडझड झाली. सेन्सेक्स ५१,३६० वर बंद झाला आणि तिथून वळला. पन्नास काही दिसले नाहीत. तेराशे अंकांच्या हट्टापायी पुढची सगळी तेजी हुकली.

कधी थांबणाऱ्याला हवा तो भाव मिळतोही. १६ मे २०१४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्सनं पहिल्यांदा २५,००० ला स्पर्श केला. तेव्हा ‘महाग आहे’ म्हणून थांबलेल्यांना जवळपास तोच भाव मार्च २०२० मध्ये परत मिळाला. पण तो आठवडा आठवून बघा. लॉकडाउन लागला, सोसायट्यांची गेटं बंद झाली, पगार कापले जाण्याच्या बातम्या रोज येत होत्या, आजार किती पसरेल ते कुणालाच माहीत नव्हतं. स्वस्त भाव येतो तो नेहमी असल्याच बातम्या घेऊन येतो. ६०,००० ला ज्याचा हात थरथरतो, त्याला २६,००० ला त्या बातम्यांमध्ये धीर होईल असं मानायला काही आधार नाही. ‘पडलं की घेईन’ म्हणणाऱ्यानं किती पडल्यावर, किती रुपये, कोणत्या खात्यातून, हे आजच कागदावर लिहावं. लिहिता येत नसेल तर ती योजना नव्हे, नुसती इच्छा आहे.

५. पैसा कधी लागणार?

आता आपण मूळ प्रश्नाशी आलो. मुंबईकराला हे समजावून सांगायला पाण्याइतकं सोपं काही नाही. आपल्या इमारतीच्या गच्चीवर टाकी असते; आजचा स्वयंपाक आणि उद्याची आंघोळ तिच्यावर चालते. आणि दूर भातसा, तानसा, वैतरणेचं धरण असतं. पुढच्या मे-जूनचं पाणी तिथे साठतं. धरणाची पातळी पाऊस पडला तर वाढते, पावसानं ओढ दिली तर खाली जाते, आणि त्यावर आपला काही इलाज नसतो. पण जुलैत धरण निम्मं असलं तरी आज घरात पाणी येतं, कारण टाकी भरलेली असते. शेअर बाजारातला पैसा धरणातला. बँकेतल्या ठेवी, लिक्विड फंड, पोस्टाच्या योजना हे टाकीतलं पाणी. टाकी रिकामी ठेवून धरणाच्या भरवशावर राहिलेल्या माणसालाच मार्च २००९ मध्ये ३९ टक्क्यांना विकावं लागतं.

मी स्वतः ओळखीच्यांना अशी विभागणी सांगतो. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा बाजारात एक रुपयाही नको, मग तो उच्चांकावर असो की नीचांकावर. घराचं डाउन पेमेंट, मुलीच्या इंजिनिअरिंगची फी, ठरलेलं लग्न हे सगळं यात आलं. तीन ते सात वर्षांत लागणारा पैसा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. सात वर्षांच्या पुढचा पैसा मोठ्या प्रमाणात बाजारात जाऊ शकतो. सातच का? जानेवारी २००८ चा बंद भाव सेन्सेक्सनं नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत परत गाठला, आणि त्यावर टिकून पुढे जायला २०१४ उजाडलं. १९९२ च्या माणसाला मात्र सात वर्षंही पुरली नसती. म्हणूनच एका दिवसात सगळी रक्कम घालू नये, त्याबद्दल पुढे येईलच.

ही विभागणी केली की ‘आता घेऊ की थांबू’ हा प्रश्न बराच आकसतो. दोन वर्षांनी फी भरायचीय त्याचं उत्तर ‘घेऊच नको’. अठ्ठावीस वर्षांच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्याचं उत्तर ‘आज ज्या किमतीला घेतोस ती शेकडो किमतींपैकी एक आहे, सुरू कर’.

६. पवईचा हिशेब वेगळा का?

१५ सप्टेंबर २००८ ला न्यू यॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स या बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली. या बँकेचं मोठं बॅक ऑफिस इथेच, हिरानंदानीत होतं. तिथल्या माणसांनी काही चूक केली नव्हती. न्यू यॉर्क-लंडनच्या व्यवहारांची कामं ती रात्रंदिवस चोख करत होती. तरी एका सोमवारी त्यांची कंपनीच उरली नाही. सुदैवानं जपानच्या नोमुरानं लवकरच हा सगळा कारभार आणि माणसं आपल्याकडे घेतली, आणि नोमुराचं कार्यालय आजही पवईत आहे. पण मधल्या आठवड्यांत त्या घरांमध्ये एकाच वेळी काय काय डळमळलं ते बघा. पगार अनिश्चित. म्युच्युअल फंड निम्म्यावर. कंपनीकडून मिळालेले शेअर शून्यावर. गृहकर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला ठरल्याप्रमाणे.

पवईत आज हीच रचना अनेक पटींनी मोठी आहे. परदेशी बँकांची कार्यालयं, माहिती तंत्रज्ञान, आणि आयआयटीच्या सावलीत वाढलेले स्टार्टअप. बाजार तेजीत असतो तेव्हा यांच्याकडे भांडवल येतं, भरती होते, बोनस वाढतात, ईसॉपचे (कंपनीनं कर्मचाऱ्यांना देऊ केलेल्या शेअरचे) आकडे फुगतात, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळतं. मंदीत हे सगळं एकदम आटतं. इथल्या माणसाची नोकरी हीच मुळात बाजारातली एक गुंतवणूक आहे, आणि बहुधा ती त्याची सर्वांत मोठी गुंतवणूक असते.

एक काल्पनिक पण पवईत सर्रास दिसणारं जोडपं घेऊ. दोघं चाळिशीत, दोघंही खासगी नोकरीत. म्युच्युअल फंडात २५ लाख, नवऱ्याच्या कंपनीचे ईसॉप ४० लाखांचे, ईपीएफ आणि पीपीएफ मिळून १८ लाख, बचत आणि एफडी २ लाख. गृहकर्जाचा हप्ता १ लाख १० हजार, घरखर्च ८० हजार. त्यांना विचारलं तर ते म्हणतात, “आमचे फक्त २५ लाख शेअरमध्ये आहेत.” खरा हिशेब असा : ४० आणि २५ मिळून ६५ लाख, म्हणजे ८५ लाखांपैकी शंभरातले ७६ रुपये बाजारावर. त्या ६५ लाखांतले ४० लाख एकाच कंपनीत, जिच्याकडून पगारही येतो. आणि हाताशी असलेले दोन लाख जेमतेम एका महिन्याला पुरतात.

या घरासाठी उच्चांक ही खरेदीची वेळ आहे का, हा प्रश्नच नंतरचा. आधी टाकी भरायची. महिन्याचे १ लाख ९० हजार धरून आठ महिन्यांचे १५ लाख २० हजार. हे पैसे उच्चांकावर उभे करणं सर्वांत सोपं, कारण तेव्हाच बोनस मिळतो आणि तेव्हाच ईसॉपला भाव असतो. कंपनी बाजारात नोंदलेली असेल तर शेअर हातात पडतील तसे थोडे-थोडे विकून टाकावेत. कंपनीवरचं प्रेम पुष्कळ असू द्यावं, पण पगार आणि बचत दोन्ही तिच्या हवाली करू नये. कंपनी नोंदलेली नसेल तर ईसॉपची किंमत स्वतःच्या हिशेबात शून्य धरावी. पुढे पैसे आलेच तर आनंद आहे.

याच पवईत, तलावाच्या पलीकडे, आयआयटीतला कायम नोकरीतला कर्मचारी राहतो. त्याचा पगार सेन्सेक्सवर हलत नाही. तो बहुधा सगळी बचत ठेवींमध्ये ठेवतो, आणि खरं तर शेजारच्या बँकरपेक्षा बाजाराचे हेलकावे सोसायची ऐपत त्याचीच जास्त आहे. उच्चांक पाहून घाबरायचं त्याला कमी कारण आहे.

७. थोडं थोडं की एकदम?

एसआयपी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम. बाजार खाली असतो तेव्हा त्याच रकमेत जास्त युनिट मिळतात. महिना १० हजार रुपये घातले आणि युनिटचा भाव सहा महिन्यांत १००, ८०, ५०, ४०, ६०, ८० असा फिरला असं समजू. एकूण ६० हजारांत ९६६ युनिट जमले, सरासरी ६२ रुपयांना. भाव अजून शंभरावर परतलेला नाही, ऐंशीवरच आहे, तरी हातात ७७ हजारांहून जास्त आहेत. म्हणून चालू एसआयपी केवळ उच्चांक आला म्हणून थांबवणं मला पटत नाही. पुढची पडझड हाच तिचा खरा हंगाम असतो.

पण या औषधाची मर्यादा फारशी कुणी सांगत नाही. ही सरासरी नव्या पैशाची असते. पंधरा वर्षं एसआयपी करून ५० लाख जमवलेल्या माणसाचे, बाजार चाळीस टक्के पडला तर, २० लाख जातात. महिन्याच्या २५ हजारांनी ते भरून निघत नाहीत. जितका साठा मोठा आणि गरज जवळ, तितका एसआयपीचा आधार कमी आणि विभागणीचा जास्त.

एकरकमी पैशाचं काय? व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे तपासले. साधारण तीनपैकी दोन वेळा एकदम गुंतवणं हप्त्याहप्त्यानं गुंतवण्यापेक्षा फायद्याचं ठरलं होतं, कारण बाजार पडण्यापेक्षा वाढतोच जास्त वेळा. तरी निवृत्तीची किंवा घर विकून आलेली रक्कम मी एकदम घालायला सांगत नाही. तिसरी वेळ कधी येईल ते माहीत नसतं, आणि अशी रक्कम आयुष्यात दुसऱ्यांदा येत नाही. पैसे लिक्विड फंडात ठेवून तिथून दर महिन्याला ठरलेला भाग शेअर फंडात वळवता येतो. याला एसटीपी म्हणतात. बारा ते अठरा महिने पुरे. तारीख ठरली की मग टीव्ही बघून ती बदलायची नाही.

८. उच्चांकावर करायचं एक काम

समजा तुम्ही ठरवलं होतं : १० लाखांतले ६ बाजारात, ४ सुरक्षित. दोन वर्षांत बाजारातले ६ चे ९ झाले, सुरक्षित ४ चे ४ लाख ३० हजार. एकूण १३ लाख ३० हजार आणि बाजारातला वाटा जवळजवळ ६८ टक्के. तुम्ही काही न करता जोखीम वाढली. ती पुन्हा साठावर आणायची तर बाजारातून १ लाख २ हजार काढून सुरक्षित बाजूला टाकायचे.

कर किती? जुलै २०२४ पासून शेअर आणि शेअर फंडांवर वर्षभरानंतर विकल्यास साडेबारा टक्के दीर्घकालीन कर आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर तो लागत नाही. वरच्या १ लाख २ हजारांत नफा फक्त एक तृतीयांश, म्हणजे ३४ हजार. दुसरा असा नफा नसेल तर कर शून्य. ज्यांना विकायचंच नाही त्यांनी काही महिने नवी बचत ठेवीकडे वळवावी, तरी तेच साधतं.

यात अंदाज कुठेच नाही. बाजार वर गेला म्हणून थोडं काढलं, उद्या पडला तर त्याच नियमानं सुरक्षित बाजूतून थोडं परत घालायचं. मार्च २०२० सारख्या आठवड्यात खरेदी करायला माणसाला धैर्य लागत नाही, आधी ठरवलेला आकडा लागतो. वर्षातून एकदा, वाढदिवसाला किंवा पाडव्याला, हे करावं.

९. निवृत्तीच्या वर्षी उच्चांक आला तर

हा विषय शेवटी ठेवला, कारण इथे चुकीला भरपाई नाही. तिशीतल्या माणसापुढे पगाराची तीस वर्षं असतात. साठीला ती नसतात. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार कोसळला आणि त्याच काळात खर्चासाठी युनिट विकत राहावं लागलं, तर बाजार नंतर वर आला तरी विकलेली युनिट परत येत नाहीत.

समजा हातात एक कोटी आहे, घर स्वतःचं, कर्ज नाही, आणि पेन्शनशिवाय वर्षाला सहा लाख लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२४-२५ च्या ८.२ टक्के दरानं त्याचं व्याज वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५००. उरलेल्या ३ लाख ५४ हजारांसाठी २५ लाख ठेवी आणि डेट फंडांत. व्याज न धरताही ते सात वर्षं पुरतात; त्यावरचं व्याज महागाईनं वाढणाऱ्या खर्चाकडे जाईल. म्हणजे ५५ लाख टाकीत. राहिले ४५ लाख. त्यातले पाच आजारपणासाठी हाताशी, आणि चाळीस लाख अठरा महिन्यांत, महिन्याला साधारण २ लाख २२ हजार या गतीनं, एखाद्या साध्या इंडेक्स फंडात.

चाळीस लाख ऐकून पत्नी दचकली, तर तीस करावेत. रात्रीची झोप उडेल इतका आकडा कोणत्याही कोष्टकात बसत असला तरी तो चुकीचाच. आणि ज्यांचे पैसे आधीच बाजारात आहेत, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलीत आणि उच्चांक आलाय, त्यांनी ‘अजून थोडा वर जाऊ दे’ म्हणत बसू नये. सात वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम याच तेजीत, दोन आर्थिक वर्षांत विभागून, काढून घ्यावी. एक भाग मार्चमध्ये, एक एप्रिलमध्ये. सव्वा लाखाची करसवलत दोनदा मिळते.